गरम हातांची बाई

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे जयवंताबाईची पिठाची चक्की चालायची, तेव्हा त्या गल्लीत मांजरंसुद्धा पांढरीच जन्माला यायची. संध्याकाळी शटर ओढून बाई घराकडे निघाली, की भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरी. समोरून नवखा माणूस आला तर तो रस्ता सोडून भिंतीला चिकटायचा. भीती कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. पट्टा सरकला तर चालत्या चक्कीत हात घालून ती तो जागेवर बसवायची. वजनावरून भांडायला आलेल्या एका पैलवानाला तिनं त्याच्या गव्हाच्या पोत्यासकट काट्यावर चढवलं आणि त्याचं वजन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं. तेव्हापासून पैलवान दळण बायकोच्या हाती पाठवू लागला.

तर अशी ती जयवंताबाई आता पलंगावरून खुर्चीत जायला घाबरायची.

लकव्यानं तिचं डावं अंग नेलं. उजवं अर्धं आणि जीभ तेवढी ठेवली. लोक म्हणत, त्या जिभेला हात लावायची लकव्याचीही हिंमत झाली नसणार. पलंग आणि चाकाची खुर्ची यांच्यात वीतभर फट असायची. पण जयवंताबाईनं खाली पाहिलं, की त्या फटीची विहीर व्हायची आणि तळाशी, थंड फरशीवर, ती स्वतःच पडलेली दिसायची. कारण तिथं ती खरोखर पडून आली होती.

तिचा मुलगा रविंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर सुपरवायझर होता. तिथंच भाड्याच्या खोल्यांत त्याचा संसार. जरीपटक्याचं घर सोडून आई यायला तयार नव्हती, म्हणून त्यानं तिची सोय गोदामाच्या रीतीनं केली. एजन्सीला फोन लावला आणि माल घरपोच आला. माल म्हणजे रबरी हातमोजे घातलेली एक बाई. ते मोजे कायम ओले. भर मे महिन्यात, डांबर चपलांना चिकटत असताना, त्या बाईचा हात जयवंताबाईच्या पाठीला लागला की शेजारच्या घरातली माणसं कुलर बंद करून पांघरुणं शोधायची, असं सांगतात. बोलायची ती एकच शब्द. चला. आणि शब्द संपायच्या आत जयवंताबाई हवेत असायची. अंग कोणाचं, जायचं कोणाला, याची विचारपूस नाही.

एका दुपारी अशीच ती हवेत असताना त्या बाईच्या कमरेचा मोबाईल वाजला. बाईनं तो उचलला. दोन्ही उचलायला तिला हात पुरले नाहीत.

हाड मोडलं नाही. पण बाई बोलत बोलत अंगणात गेली आणि जयवंताबाई फटीत पडून राहिली. तोंडाशी पलंगाचा पाय, गालाखाली सांडलेलं पाणी. तिनं हाका मारल्या. शेजारच्या मायाच्या घरी टीव्हीवर कोणाचं तरी लग्न मोडत होतं, तिथं आवाज पोचला नाही. आपण ओरडतो आणि कोणी येत नाही, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर कोणाचाही हात काखेकडे आला, की ती उजव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरायची.

रविंद्र घाबरला. घाबरलेला मुलगा फार लवकर निर्णय घेतो. अमरावती रोडला, वाडीच्या पुढे, म्हाताऱ्यांसाठी एक संस्था होती, तिथं त्यानं आईसाठी जागा सांगून ठेवली आणि तिला दाखवायला घेऊन गेला. जागा इतकी स्वच्छ, की माश्यासुद्धा आत येताना पाय पुसत असाव्यात. लांबलचक खोलीत पलंगांच्या रांगा, साऱ्यांची तोंडं एकाच भिंतीकडे. बायकांचे केस एकजात कापलेले, धुवायला सोपे जावेत म्हणून. न्हाणीघरात रबरी पाइप आणि खुर्च्यांची रांग. एका पलंगावर पार्वतीबाई होती, चक्कीसमोर बांगड्यांचं दुकान चालवणारी, जयवंताबाईशी रोज भांडल्याशिवाय जिला जेवण जात नसे. जयवंताबाई तिला म्हणाली, काहून वं, वळखलं नाहीस? पार्वतीबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमची पाळी झाली का आंघोळीची?"

परत येताना जयवंताबाई गाडीत एक शब्द बोलली नाही. रविंद्रला वाटलं, जागा पसंत पडली.

त्याच सुमारास वस्तीतल्या नागरिक मंडळानं एक नवी रीत सुरू केली. ज्याला मदत लागते त्यानंच आपला मदतनीस निवडायचा, त्यानंच कामाला ठेवायचा आणि नाही पटला तर त्यानंच काढायचा. पगार मंडळ देणार. मंडळाची अश्लेषा नावाची कार्यकर्ती घरी येऊन हे सांगून गेली. अट एकच होती. काही आठवड्यांनी ती येऊन पाहणार आणि माणूस सुरक्षित दिसला नाही तर मंडळ हात काढून घेणार.

रविंद्रला हे काही पटलं नाही. "माय, तुले काय समजते त्यातलं? एजन्सीवाले ट्रेनिंग देऊन पाठवतात."

"दळन बरोबर पडून राहिलं का नाही, हे मी कोन्या ट्रेनिंगनं सांगत होती?" जयवंताबाई म्हणाली. "हात धरत होती खाली."

आणि खरंच तिची ती रीत होती. चक्कीच्या तोंडाखाली तळवा धरायचा. पीठ थंड पडलं तर जाडं आहे, चटका बसला तर जळतंय, कोमट पडलं तर ठीक. माणसं निवडतानाही तिनं तेच केलं. जो कोणी यायचा त्याला पलंगाजवळ बसवून ती त्याचे हात आपल्या उजव्या हातात घ्यायची. एक बाई हात देताना रविंद्रकडे बघत राहिली आणि आजींना काय काय आवडतं ते त्याला विचारत राहिली. ती गेली. एक प्रमाणपत्र घेऊन आली, पण तिचे हात मेलेल्या माशासारखे. तीही गेली. मग थंडीच्या दिवसांत, गल्लीत सकाळी शेकोट्या पेटायला लागल्या तेव्हा, दामिनी आली.

दामिनी भिवापूरकडची. नवरा राहिला नव्हता, बहिणीच्या घरी इंदोऱ्यात राहायची. सकाळी मार्केटात कामाला जाते आणि नंतर मोकळी असते, एवढं तिनं सांगितलं. कसलं काम, ते सांगितलं नाही. जयवंताबाईनं विचारलंही नाही, कारण तोवर तिचे हात हातात आले होते. राकट, कोरडे आणि गरम. तव्यावरून आत्ताच उतरलेल्या भाकरीसारखे गरम. बाहेर नागपूर काकडत असताना या बाईच्या तळव्यांत चूल पेटलेली. जयवंताबाईनं ते हात बराच वेळ सोडले नाहीत. नंतर डोळे पुसले तर डोळ्यांतून इतकं पाणी आलं, की उशी पिळावी लागली. तिला वाटलं, आनंदानं आलं.

इथंच तिची चूक झाली, आणि अशी चूक फक्त चक्कीवालीच करू शकते. तिच्या चक्कीत आयुष्यात मिरची शिरली नव्हती. मिरचीचं मशीन वेगळं, ती दळणारे वेगळे. एकदा का मिरची गव्हाच्या चक्कीत गेली, की पुढच्या साऱ्या घरांच्या पोळ्या रडवतात. म्हणून कोणी मिरचीची पिशवी घेऊन दारात आलं, तर ती दांडका घेऊन उभी राहायची. त्यामुळं गरमपणा दोन तऱ्हेचा असू शकतो, हे त्या बाईच्या हाताला कधी कळलंच नव्हतं. आणि दामिनी सकाळभर कळमन्याच्या मार्केटात बसून लाल मिरचीचे देठ खुडायची.

दामिनीनं हे लपवलं त्यालाही कारण होतं. आधीच्या एका घरी तिनं खरं सांगितलं होतं आणि त्यांनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. म्हणून ती मार्केटातून आधी बहिणीकडे जायची. ताकानं, साबणानं, पुन्हा ताकानं हात धुवायची आणि मग जरीपटक्याला यायची. तरी थोडी कसर उरायचीच. ओल्या फडक्यानं अंग पुसताना जयवंताबाईला चुणचुण व्हायची. तिला वाटायचं, रक्त पळायला लागलं.

दामिनीची एक गोष्ट मात्र आणखी कोणात नव्हती. ती आधी विचारायची. पलंगाशी येऊन हात मांडीवर ठेवून बसायची आणि म्हणायची, मावशी, सांगा. जयवंताबाईनं हूं म्हटल्याशिवाय ते हात मांडीवरून उठायचे नाहीत. उचलून खुर्चीत घ्यायचं त्यांनी पुष्कळदा करून पाहिलं. काखेत हात गेले, पाठ गादीवरून सुटली, की खाली विहीर उघडायची आणि जयवंताबाई घोगऱ्या आवाजात म्हणायची, थांब. दामिनी थांबायची. हात थरथरेपर्यंत तशीच धरून राहायची आणि मग हळू परत टेकवायची. रागावली नाही, हसली नाही. खुर्ची मात्र रिकामीच राहिली.

पण विश्वास असा एका दिवसात येत नाही, आणि दुपारभर पडून राहिलेल्या माणसाच्या डोक्यात तर मुळीच नाही. दामिनी आली की तिचे डोळे लाल असायचे. खोकायची. पदराच्या आत कधी कधी तळवे लपवायची. मार्केटातलं काम कोणतं, असं विचारलं की भांडी घासायला उठायची. शेजारची माया रोज डोकावून काहीतरी पेरून जायची. कुठं कोण्या बाईनं म्हातारीला चहात काय पाजलं, कुठं कोणी किल्लीचा साबणात ठसा घेतला. जयवंताबाई तिला झटकून टाकायची, आणि माया गेल्यावर चहाचा पहिला घोट जिभेवर धरून ठेवायची. ही बाई मी घरात आणली. उद्या हिनं काही केलं, तर रवी म्हणेल, तूच आणली. एजन्सीच्या बाईची तिला भीती वाटायची तेव्हा निदान दोष रवीचा होता. आता भीतीही तिचीच होती आणि दोषही तिचाच असणार होता.

तपासणीचा दिवस ठरला. रविंद्रनं आधीच सांगून ठेवलं, की अश्लेषा मॅडम नाही म्हणाल्या तर त्याच संध्याकाळी संस्थेची गाडी येईल, त्यानं गाडी सांगून ठेवली आहे. हे तो रागानं बोलला नाही. आईच्या पायावरचं पांघरूण सारखं करत बोलला, म्हणून ते जास्त भीतीदायक वाटलं. जयवंताबाईनं ठरवलं, की मंडळाची बाई येईल तेव्हा आपण न्हाऊन, तेल लावून, खुर्चीत बसलेलं असायचं. पलंगावर पडलेल्या माणसाला कोणीही उचलून नेतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला आधी विचारावं लागतं.

त्या दिवशी मार्केटात मिरचीच्या गाड्यांवर गाड्या आल्या होत्या. दामिनीला निघायला उशीर झाला. बहिणीकडे जायला वेळ उरला नाही. मार्केटातल्या नळावर तिनं हात धुतले, सारखे सारखे धुतले आणि धावत जरीपटक्याला आली.

जयवंताबाई तिची वाट बघून बघून अर्धी झाली होती. जवसाचं तेल वाटीत कोमट करून आणायला तिनं सांगितलं. पाठीला, मानेला, दंडांना दामिनीनं तेल चोळलं. चांगलं जिरवलं. मग गरम पाणी आणून पलंगावरच अंग धुऊन दिलं, धुतलेलं लुगडं नेसवलं, केस विंचरले. मग ती पलंगाशी बसली, हात मांडीवर ठेवून.

"मावशी, सांगा."

जयवंताबाईनं खाली पाहिलं. विहीर होतीच. तळाशी ती होतीच, गालाखाली पाणी घेऊन. दामिनीच्या खांद्यावरचा पदर तिनं उजव्या मुठीत धरला होता. तिच्या डोक्यात लांबलचक खोली आली, एकाच भिंतीकडे बघणारी, आणि पार्वतीबाईचा तो हळू आवाज.

"उचल," ती म्हणाली.

गादी सुटली. पाय सुटले. क्षणभर जयवंताबाई कुठंच नव्हती, पलंगावर नाही, खुर्चीत नाही. तिनं थांब म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. दामिनीचा श्वास तिच्या कानाशी होता, संथ, ओझ्याची सवय असलेला. मग खाली काहीतरी कडक लागलं. खुर्ची. जयवंताबाईनं डोळे उघडले. तिला आपलं घर कित्येक महिन्यांनी बसून दिसलं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दोघंही तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आलेले.

आणि तेवढ्यात पाठ पेटली.

आधी मानेखाली एक ठिणगी. मग ती पसरली, खांद्यांवर, दंडांवर, जिथं जिथं तेल जिरलं होतं तिथं तिथं. जयवंताबाईला वाटलं, दुसरा झटका आला. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुसरा आला तर कठीण आहे. म्हणजे आता जीभही जाणार. तिनं घाबरून जीभ दातांवरून फिरवून पाहिली. होती. पण आग वाढत होती, कातडीच्या आत कोणी निखारे पेरल्यासारखी. डोक्यात मायाचा आवाज आला. चहात काय पाजलं. साबणात ठसा. तिनं समोर उभ्या असलेल्या दामिनीकडे पाहिलं आणि त्या क्षणी तिला या बाईची जी भीती वाटली, तेवढी विहिरीचीही वाटली नव्हती.

"काय लावलं तू मले?"

दामिनीनं आधी तेलाच्या वाटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे. तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी मिरची खुडतो. कळमन्यात. धुतले होते वं हात, खूप धुतले होते."

तेलानं मिरची ओढून घेतली होती आणि गरम पाण्यानं ती अंगभर नेऊन पोचवली होती. जयवंताबाईला हे सारं उमगायला वेळ लागला नाही. साऱ्या जन्मात चक्कीत न शिरलेली मिरची तिनं स्वतः हात धरून घरात घेतली होती. तिच्या तोंडून शिवी निघणार होती, पण अंगणात स्कूटर थांबली आणि मागोमाग रविंद्रची मोटरसायकल.

दामिनी दह्यासाठी धावली, तर जयवंताबाईनं तिचा पदर धरला. आता काही करायचं नाही. ते येतील, बसतील, जातील. तोवर मी बसते. तू तोंड बंद ठेव.

अश्लेषा आत आली आणि खुर्चीतली जयवंताबाई बघून खूश झाली. रविंद्र दारातच उभा राहिला. आईला बसलेलं बघून तो चपला काढायचंही विसरला. मग चौकशी सुरू झाली. जेवण वेळेवर होतं का. औषधं कोण देतं. झोप लागते का. अश्लेषा सावकाश विचारणारी बाई होती. जयवंताबाई हो म्हणायची, नाही म्हणायची, आणि प्रत्येक शब्दाआड दात आवळायची. तिच्या अंगातून अशी वाफ निघत होती, की खोलीत कोणी भाकरीचा गोळा ठेवला असता तर पापुद्रा सुटून फुगला असता. कपाळावरून घामाची धार लागली. भर थंडीत.

"तुमचा चेहरा लाल झालाय," अश्लेषा म्हणाली.

"पयल्यांदा खुर्चीत बसली ना," जयवंताबाई म्हणाली. "लाजून राहिली."

अश्लेषा हसली. रविंद्र हसला नाही. तो जवळ आला, आईच्या कपाळावरचा, मानेवरचा घाम त्यानं आपल्या तळव्यानं पुसला. मायेनं पुसला. मग त्याचं मन भरून आलं असावं, कारण त्याच तळव्यानं त्यानं आपले डोळे पुसले.

पुढचं सांगायला नको. पण गल्लीतले लोक सांगतात, की रविंद्रची बोंब ऐकून बाजारातल्या भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. तो डोळे धरून गोल फिरला, पाण्याच्या माठाला धडकला आणि खाली बसला. गोदामावर मिरचीचे ट्रक उतरवलेला माणूस तो. त्याला ती आग ओळखायला नाव विचारावं लागलं नाही.

"मिरची," तो म्हणाला. "हिनं तुले मिरची लावली? मॅडम, पाहा तुम्ही. हेच म्हनून राहिलो होतो मी. ट्रेनिंग नाही, काही नाही, कोनालेही आनून बसवलं घरात. आता नाही माय. आता मी काही ऐकत नाही."

दामिनी भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात. अश्लेषाचा चेहरा बदलला होता, आणि तो बदल जयवंताबाईला दिसला. तिला अमरावती रोडवरून वळणारी गाडी दिसली. तिला आपले कापलेले केस खाली पडताना दिसले.

"चाल, तुले आधी पलंगावर घेतो," रविंद्र म्हणाला, आणि डोळे मिटलेल्या अवस्थेतच चाचपडत आला. त्याचे हात तिच्या काखेत शिरले.

"थांब," जयवंताबाई म्हणाली.

"काही होत नाही."

"रवी, थांब."

"मी हाओ ना माय, काही होत नाही," असं म्हणत त्यानं उचललंसुद्धा. त्याला समोरचं दिसत नव्हतं. चाकाची खुर्ची मागे सरकली. जयवंताबाई हवेत, तिचं डावं अंग ओल्या कपड्यासारखं लोंबतं, आणि खाली विहीर, आणि तळाशी ती, आणि या वेळी उचलणारा तिचा स्वतःचा मुलगा. ती ओरडली. आवाज मायाच्या टीव्हीच्याही पलीकडे गेला असेल, पण ज्याच्या कानाशी ती ओरडली त्याला तो ऐकू गेला नाही. तो काही होत नाही, काही होत नाही, म्हणतच होता.

दामिनी भिंतीपासून सुटली आणि पुढे आली. तिनं रविंद्रला हात लावला नाही. ती जयवंताबाईच्या तोंडाशी वाकली.

"मावशी, थांबवू का दादाले?"

"थांबव."

मग तिनं खालून हात घातले, सारं ओझं आपल्याकडे घेतलं, पायानं खुर्ची ओढली आणि जयवंताबाईला परत तिच्यात टेकवलं. रविंद्रचे हात रिकामे झाले. तो तसाच उभा राहिला, डोळ्यांतून धारा, आणि त्याला हळूहळू उमगत गेलं की आई थरथर कापते आहे आणि ती मिरचीनं नाही.

"तुह्या एजन्सीवालीनं मले पाडलं," जयवंताबाई म्हणाली, "तं तू दुसरी मागवनार होता. हिनं भाजलं, तं मी हिले हात धुवायले लावीन. रोज माह्यासमोर. मार्केटातलं काम सोड म्हनीन, नाही सोडलं तं दुसरी पाहीन. पन ते मी पाहीन, रवी. तू नाही."

रविंद्रनं वाकून खुर्चीचं चाक हातानं अडवून धरलं.

अश्लेषानं खुर्ची जवळ ओढली. तिनं विचारलं, "आजी, खरं सांगा. तुम्हाला हिची भीती वाटते का?"

दामिनी खाली बघत होती. जयवंताबाईनं विचार केला, आणि एवढा वेळ खोटं रेटत आली असूनही या वेळी खोटं बोलली नाही.

"वाटते. आत्ता तं लयच वाटली. मले साऱ्याइची वाटते आता, याची बी वाटते," तिनं रविंद्रकडे बोट केलं. "पन हिले मी थांब म्हनलं, तं थांबते."

अश्लेषानं दामिनीला मिरचीचं काम लपवल्याबद्दल चांगलंच सुनावलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येईन म्हणाली. म्हणजे तोवरचा महिना जयवंताबाईचा, हे सगळ्यांना कळलं. मग तिनंच शेजारून दही मागवलं.

दामिनी हातांना दही चोपडून खुर्चीशी आली. मावशी, सांगा. जयवंताबाईची भीती गेली नव्हती, कुठं जाणार होती. तिनं अश्लेषाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, उचल. पलंगावर नेऊन दामिनीनं तिला दही लावलं, वर ज्वारीचं पीठ चोळलं, तेल ओढून घ्यायला. जयवंताबाई पुन्हा भुवयांपासून तळपायांपर्यंत पांढरी झाली.

संध्याकाळची गाडी अजून सांगितलेलीच होती. रविंद्रनं दारात बसून संस्थेला फोन लावला. डोळे सुजलेले, नाक वाहतं, आवाज पार फुटलेला. आईची जागा आता नको, गाडी पाठवू नका, एवढं सांगताना त्याचा तीनदा हुंदका निघाला. पलीकडचा माणूस फार हळू आवाजात म्हणाला, "कधी झालं हे? फार वाईट झालं हो. धीर धरा."

रविंद्र गोंधळून फोन तोंडापासून दूर धरत आत बघू लागला. "माय, तो माणूस समजून राहिला की तू..."

जयवंताबाईनं पिठातून एक डोळा उघडला.

"हो म्हन त्याले," ती म्हणाली. "गेली म्हन. नाही तं उद्या परत फोन करन तो."